फळ्याच्या कोपऱ्यातला आकडा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना सुचलेल्या एकदोन गोष्टी लिहून काढताना तशाच ठेवल्या आहेत.)



संयोजन समितीने मला फोन करून सांगितलं, "तू नेमकं काय काम करतेस ते एकदा सगळ्यांना सांग. डॉक्टर काय करतो ते कळतं, वकील काय करतो ते कळतं. तुम्हा कॉम्प्युटरवाल्यांचं काही कळत नाही." तक्रार रास्त आहे. माझी आई गेली बावीस वर्षं शेजाऱ्यांना "ती कॉम्प्युटरमध्ये असते" एवढंच सांगते. ऐकणाऱ्याला वाटावं, मी डब्याच्या आतच बसून असते.

म्हणून आज माझ्या धंद्यातली एकच गोष्ट सांगते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन खिडक्या उघड्या आहेत. दोघींना एकच माहिती लागते. ती माहिती ठेवायची कोणाकडे? प्रश्न बालवाडीतला वाटेल, पण माझी निम्मी नोकरी त्यात गेली आहे. आणि हा प्रश्न मला पहिल्यांदा भेटला तो याच शाळेत, आठवीच्या वर्गात.

आपल्या फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात रोज काय लिहिलेलं असायचं ते आठवा. वार, तारीख, इयत्ता, तुकडी, आणि खाली पट आणि हजर. आठवीत मी मॉनिटर होते, त्यामुळे ते लिहिणं माझ्याकडे होतं. बाई हजेरी घ्यायच्या, आकडा सांगायच्या, मी तो फळ्यावर लिहायचे, आणि शिपाईमामा तोच आकडा चिठ्ठीवर घेऊन ऑफिसात जायचे. तिथल्या मोठ्या फलकावर तो चढायचा. म्हणजे एकच आकडा तीन ठिकाणी: हजेरीपटात, फळ्यावर, ऑफिसात.

तपासणीचा दिवस होता. पाऊस असा की एसटी उशिरा आली. हजेरी झाली तेव्हा आम्ही चोपन्न होतो. मी लिहिलं, पट ६१, हजर ५४. पहिला तास निम्मा झाल्यावर एसटीची तीन मुलं भिजून आली. बाईंनी त्यांना आत घेतलं, हजेरीपटात दुरुस्ती केली आणि मला म्हणाल्या, "कोपऱ्यातला आकडा बदल गं." मी हो म्हटलं. गणित अर्ध्यावर होतं, ते पुरं करून उठू म्हटलं, आणि विसरले.

साहेब आले. त्यांनी आधी फळा पाहिला, मग हजेरीपट पाहिला, आणि मग आम्हाला उभं करून डोकी मोजली. सत्तावन्न. "बाई, तुमच्या वर्गात हजर नेमके किती?" असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांच्या आवाजात जे होतं ते आजही मला ऐकू येतं. बाई म्हणाल्या, "सत्तावन्न. फळ्यावरचा बदलायचा माझ्याकडून राहिला." मी पहिल्या बाकावर होते. बोटांना खडूही होता. मी काही बोलले नाही.

बाई आज समोर बसल्या आहेत. या गोष्टीकडे मी परत येणार आहे, पण आधी समितीचं काम करते.

प्रोग्रॅम म्हणजे आत बसलेला एकच मोठा मेंदू, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. प्रत्यक्षात ते जास्त करून एखाद्या सरकारी कचेरीसारखं असतं. आत पुष्कळ छोटे छोटे कारकून. प्रत्येकाकडे स्वतःची वही आणि नेमून दिलेली दोनचार कामं. आम्ही या कारकुनांना ऑब्जेक्ट म्हणतो. तुम्हाला पडद्यावर दिसणारी प्रत्येक खिडकी, तीमधलं प्रत्येक बटण, तुम्ही टाइप करता ती प्रत्येक चौकट, हा एकेक कारकून. आणि कचेरीत जसं होतं तसंच इथं होतं. भांडणं कामावरून फारशी होत नाहीत, कागद कोणाकडे आहे यावरून होतात.

२००२ साली इंजिनिअर होऊन मी एका लहान कंपनीत लागले. रुग्णालयांसाठी प्रोग्रॅम करायचं काम होतं. तेव्हा सगळीकडे व्हिज्युअल बेसिक ६ चालायचं. खिडकी माउसने काढायची, तिच्यावर चौकटी ठेवायच्या, मागे चार ओळी लिहायच्या. झटपट काम, आणि म्हणूनच वाईट सवयी लागायलाही झटपट.

मी दोन खिडक्या केल्या होत्या. एक रुग्णाच्या माहितीची: नाव, वय, वजन. दुसरी औषधाच्या मात्रेची. लहान मुलांचं औषध वजनावर ठरतं हे इथे बसलेल्या डॉक्टर मंडळींना सांगायला नको. ताप उतरवायच्या पॅरासिटामॉलचं साधारण किलोमागे १५ मिलिग्रॅम धरलं, तर आठ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम. पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर पाच मिलिलिटर. म्हणजे दुसऱ्या खिडकीला पहिल्या खिडकीतलं वजन हवं.

मी काय केलं? वजन पहिल्या खिडकीच्याच वहीत ठेवलं आणि दुसरीला सांगितलं, लागेल तेव्हा तिच्या खिशात हात घालून घे. चाललं. सहा महिने उत्तम चाललं.

आता व्हिज्युअल बेसिकचा एक नियम होता. खिडकी बंद केली की तिच्यावरच्या चौकटी जायच्या, पण मागची वही जायची नाही. ती वेगळी, मुद्दाम सांगून फेकावी लागायची. हे पुस्तकात लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. रोजच्या वापरात ते उघडं पडायचं नाही, कारण नर्स नेहमी आधी माहितीची खिडकी उघडायच्या, तिथं नवं वजन भरलं जायचं, आणि मग मात्रेची खिडकी. मग एकदा वॉर्डातून मागणी आली, की यादीतल्या नावावर क्लिक केल्यावर सरळ मात्रेचीच खिडकी उघडू दे, आमचा वेळ वाचेल. माझ्यानंतर लागलेल्या एका मुलाने तो बदल करून दिला. त्याचं काम चोख होतं.

दोनतीन दिवसांनी रात्रपाळीला एका सिस्टरने आधी एका चोवीस किलोच्या मुलाची माहिती भरली, खिडकी बंद केली, आणि यादीतून आठ किलोच्या बाळाची मात्रा उघडली. वर नाव बाळाचं. खाली मात्रा, पंधरा मिलिलिटर. माझ्या प्रोग्रॅमने आधीच्या मुलाचं वजन उरलेल्या वहीतून काढून दिलं होतं.

त्या सिस्टरने सिरप मोजायला घेतलं आणि थांबली. तिने नंतर सांगितलं ते असं: "एवढ्या बाळाला मी कधी एवढं भरलेलंच नाही, हाताला ओळखीचं वाटेना." तिने डॉक्टरांना उठवलं. बाळाला पाच मिलिलिटर मिळालं आणि सकाळी ताप उतरला. ती कॉम्प्युटर शिकलेली नव्हती, आमच्या प्रशिक्षणाच्या दिवशी तिने मला माउस कसा धरायचा ते विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात चौकशी झाली. शेवटचा बदल कोणाचा? त्या मुलाचा. झालं, ठरलं. मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं होतं की चूक माझ्या रचनेत आहे, त्याच्या बदलाने ती फक्त उजेडात आली. आणि मी दीड दिवस गप्प बसले. त्या वेळी मला शाळा, बाई, फळा असं काहीही आठवलं नाही, उगाच गोष्ट छान करून सांगत नाही. तो मुलगा दुसऱ्या दिवशी जेवायला आमच्यात आला नाही, जिन्यात बसून डबा खात होता, ते मला बघवेना. संध्याकाळी जाऊन साहेबांना सांगितलं. बोलणी खाल्ली. मग मला तो भाग नव्याने लिहायला दिला, आणि मी पहिल्यांदा पुस्तक उघडलं.

पुस्तकात जे सापडलं ते माझ्या जन्माआधीचं होतं! त्रिग्वे रीनस्काउग नावाचे नॉर्वेचे एक गृहस्थ. जहाजबांधणीसाठी लागणारे प्रोग्रॅम करत आलेले. १९७८-७९ मध्ये ते वर्षभर कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात होते. खिडक्या आणि माउस जगाने पाहायच्या आधी तिथे ते वापरात होते. रीनस्काउग यांनी तिथे एक टिपण लिहिलं, आणि ॲडेल गोल्डबर्ग यांच्याशी बरीच चर्चा करून त्यातल्या भागांना नावं ठरवली: मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर. नावं जड आहेत, म्हणणं सोपं आहे. माहिती सांभाळणारा कारकून वेगळा आणि ती दाखवणारा वेगळा. वापरणाऱ्याचं म्हणणं ऐकून घेणारा तिसरा. दाखवणाऱ्याने स्वतःकडे नोंद ठेवायची नाही. त्याने हजेरीपटात बघायचं आणि दाखवायचं.

मग हजेरीपट बदलला हे दाखवणाऱ्यांना कळणार कसं? इथे आपली सूचनावही आठवा. मुख्याध्यापकांना काही कळवायचं असलं की शिपाईमामा वही घेऊन वर्गावर्गात फिरायचे. कोणत्या वर्गात कोणते सर आहेत, ते सूचना ऐकून काय करणार आहेत, याच्याशी मुख्याध्यापकांना कर्तव्य नसायचं. ज्या वर्गांची नावं यादीत, त्यांच्याकडे वही जायची. प्रोग्रॅममध्ये तेच करतात. ज्या खिडकीला वजनाशी मतलब आहे तिने आपलं नाव एकदा यादीत नोंदवायचं. वजन बदललं की माहिती सांभाळणारा कारकून यादीतल्या सगळ्यांना हाक मारतो. १९९४ साली चार लेखकांनी मिळून प्रोग्रॅमच्या रचनांवर एक पुस्तक काढलं, त्यात तेवीस रचना आहेत. त्यातल्या या रचनेचं नाव ऑब्झर्व्हर. आमच्या धंद्यात ते चौघे 'गँग ऑफ फोर' म्हणून ओळखले जातात, त्यामुळे आम्ही लोक किती गमतीदार आहोत ते कळेल.

एक्सेल वापरणाऱ्यांना हे रोज दिसतं. एका घरात आकडा बदला, बेरजेचं घर आपोआप बदलतं. त्या घरात बेरीज लिहिलेली नसतीच, बेरीज कशाची करायची ते लिहिलेलं असतं. याचा पूर्वज व्हिजिकॅल्क, तोही १९७९चाच. डॅन ब्रिकलिन यांना ती कल्पना हार्वर्डमध्ये शिकताना सुचली. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडायचे, आणि एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागायचे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीत जरा वेळ तशीच बसून राहिले. फळा पुसायचा राहिल्यामुळे जगात फक्त माझंच काही झालं नव्हतं तर.

तर मी नवं काय लिहिलं? 'रुग्ण' नावाचा एकच कारकून केला. वजन त्याच्याकडेच, आणि वजनाबरोबर ते कधी घेतलं ती वेळही. कुठल्याही खिडकीने वजन आपल्या वहीत लिहायचं नाही. मात्रेची खिडकी उघडली की तिच्या हातात तो रुग्ण द्यायचा, नाव आणि वजन दोन्ही तिने त्याच्याकडूनच घ्यायचं, आणि एका ओळीत शेजारी शेजारी दाखवायचं. वजनाची नोंद नसेल तर जागा रिकामी आणि मात्रा काढायला नकार. पहिल्या आठवड्यात वॉर्डातून तक्रारी आल्या, "तुमचा प्रोग्रॅम अडवतो." माझ्या कामाबद्दल आलेली ती मला सगळ्यात आवडलेली तक्रार.

एक पळवाट मला कोणीतरी तेव्हाच सुचवली होती. कशाला एवढा खटाटोप, एक सगळ्यांना दिसेल असा फलक कर, ज्याला पाहिजे त्याने लिहावं, ज्याला पाहिजे त्याने वाचावं. आम्ही त्याला ग्लोबल म्हणतो. मुलांच्या मधल्या सुट्टीत फळा उघडा टाकला की त्याचं काय होतं ते इथे बसलेल्या शिक्षकांना विचारा. आकडा चुकलाय हे कळतं, कोणी लिहिला ते कधीच कळत नाही.

सूचनावहीचेही ताप आहेत, तेही सांगते, नाहीतर इथे माझ्यासारखेच जे चारपाच जण आहेत ते चहाला मला पकडतील. नर्स ताप फॅरनहाइटमध्ये लिहायच्या, काही डॉक्टरांना सेल्सिअस हवं होतं. मी दोन चौकटी केल्या आणि एकमेकींच्या यादीत नावं घातली. पहिली बदलली की दुसरीला हाक, दुसरी बदलली की पहिलीला. दोघी एकमेकींना "बदललं, बदललं" सांगत बसल्या आणि प्रोग्रॅम जागच्या जागी गोठला. ताप एकाच मापात साठवायचा, दुसरं फक्त दाखवायचं, आणि आकडा खरोखर बदलला असेल तरच हाक मारायची, हे मला दुपारभर डोकं धरल्यावर कळलं. दुसरा ताप शाळा सोडून गेलेल्या मुलांचा. खिडकी बंद झाली तरी तिचं नाव यादीत तसंच राहतं. मग प्रत्येक बदलाला त्या बंद खिडक्यांनाही हाका जातात, त्यांची जागा सुटत नाही, आणि सकाळी पळणारा प्रोग्रॅम संध्याकाळी रांगायला लागतो. पटावरून नाव कमी करणं हेही कोणाचं तरी काम असावं लागतं.

आणि हे मोठ्यामोठ्यांनाही चुकलेलं नाही. फेसबुकच्या इंजिनिअरांनी २०१४ साली आपल्याच परिषदेत जाहीर सांगितलं, की न वाचलेल्या निरोपांचा लाल आकडा त्यांना पुन्हा पुन्हा छळत होता. आकडा दिसतो, उघडून बघावं तर नवा निरोपच नाही. दुरुस्त करायचे, काही दिवसांनी परत यायचा. एकच गोष्ट अनेक कारकून आपापल्या परीने मोजत होते आणि एकमेकांना बदलत होते. शेवटी त्यांनी माहिती एकाच दिशेने वाहील अशी शिस्त लावली. तुमच्यापैकी कित्येकांनी त्या एकाच्या आकड्यापायी तेव्हा फोनला शिव्या दिल्या असतील.

मी अजून हेच काम करते. भाषा पाचसहा बदलल्या, खिडक्या आता मोबाइलवर असतात. नव्याने लागलेल्या मुलांचं काम तपासताना मी पहिला प्रश्न विचारते, "हा आकडा राहतो कुठे?" उत्तर "इथेही आणि तिथेही" असं आलं की मी खुर्ची ओढून बसते. मुलांना मी त्यासाठी जरा कटकटी वाटते, माझ्या मागे बोलतात ते मला माहीत आहे. जिन्यात डबा खाणारा तो मुलगा आज एका मोठ्या टीमचा प्रमुख आहे. मध्यंतरी त्याचा फोन आला होता, त्याच्या मुलीच्या तापाचं सिरप किती द्यायचं ते विचारायला! मी म्हटलं, बाबा, डॉक्टरांना विचार, आणि आधी तिचं वजन कर.

आता बाई, तुमच्याकडे येते. त्या दिवशी आकडा बदलायचा तुमच्याकडून राहिला नव्हता. तुम्ही मला सांगितलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. तुम्ही साहेबांसमोर ते स्वतःवर घेतलंत, आणि तास संपल्यावर मला बोलावून एक शब्दही विचारला नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला कळलंच नाही. काल रात्री इथे आल्यावर तुम्हाला भेटून हे सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "अगं, तुझ्या बोटांना खडू होता की." तर वर्गाच्या देखत सांगायचं राहिलं होतं, ते आज सांगितलं. बाई, माफ करा.

शेवटी एक कामाचं. कालपासून मी बघतेय, आपल्या या मेळाव्याच्या तीन याद्या फिरताहेत. एक व्हॉट्सॲपवर, एक समितीच्या वहीत आणि एक केटररकडे. तिन्हींत माणसांचे आकडे वेगळे आहेत, आणि काल रात्री श्रीखंड कमी पडलं ते त्यामुळेच. समितीला मी सुचवलंय की वही तेवढी खरी धरा आणि बाकी दोघांना तिच्यातूनच कळवा. स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर सगळ्यांचे पत्ते आणि फोन छापणार आहेत, ती छापली त्या दिवसाची नक्कल असेल. माझं घर पुढच्या महिन्यात बदलतंय. नवा पत्ता मी वहीत लिहून ठेवलाय, तुमचा बदलला तर तुम्हीही तिथेच कळवा. जेवणाआधी वही दाराजवळच्या टेबलावर आहे.